जेवणानंतर एक गोळी

बाटलीवर काय छापायचं आणि काय नाही हे ठरवणारे जे कोणी साहेब आहेत, त्यांच्यावर माझा सरळ आरोप आहे. तुम्ही मला फसवलंत. तुमची खुर्ची कुठल्या मजल्यावर आहे, दारावर पाटी कसली आहे, मला माहीत नाही. पण ‘जेवणानंतर एक गोळी’ हे तीन शब्द तुम्ही मंजूर केलेत, आणि त्या तीन शब्दांपायी आमच्या इमारतीत माझी जी अब्रू गेली ती अजून परत आलेली नाही. गोळीत लोह किती, जस्त किती, रंग कसला, हे सगळं तुम्ही भिंगातून वाचावं लागेल अशा अक्षरांत छापलंत. पण जेवण म्हणजे काय ते कुठे छापलंत? घशाखाली काहीतरी गेलं की झालं जेवण, असं मी धरून चाललो. तुम्हीही तसंच धरलंत. फरक एवढाच, की तुमच्या गोळ्या चेंबरमधून बाहेर निघाल्या नाहीत. माझ्या निघाल्या.

थांबा, चेंबर नंतर. तक्रार पहिल्यापासून सांगायची असते, हे माझ्याइतकं कोणाला कळणार? मी पाणीपुरवठा खात्यात तक्रार विभागाच्या फोनवर बसतो. शिकलेला म्हणाल तर नाही. मी शाळा सोडली की शाळेने मला, यावर घरात अजून एकमत नाही. पण दिवसभर लोकांच्या शिव्या ऐकून ज्याची भाषा सुधारली असा आमच्या खात्यात मी एकटाच.

फोन फार वेळ वाजू द्यायचा नाही, असा आमच्याकडे नियम. नियम करणाऱ्याने जेवणाचा विचार केला नव्हता; करतो कोण? त्यामुळे मी वर्षानुवर्षं फोनशेजारी डबा उघडत आलो आणि हळूहळू एक विद्या कमावली. घास तोंडात असताना घंटी वाजली की जीभ त्याला मागे ढकलते, घसा दार उघडतो, आणि घास जसा आला तसा अखंड आत. पुढची घंटी वाजायच्या आत मी खणखणीत आवाजात, ‘‘नमस्कार, पाणीपुरवठा. बोला, काय त्रास आहे?’’ नवीन लागलेली माणसं मुद्दाम बघायला यायची. मला त्याचा अभिमान होता, लपवत नाही. अजगराला कोणी शिकवलेलं असतं का? मग मला कोण शिकवणार?

वर दोन कप चहा, आणि छातीत जळजळ झाली की ॲसिडिटीची पावडर. ती पाण्यात टाकली की फस्स करायची, आणि त्या आवाजानेच मला अर्धं बरं वाटायचं. जळजळ रोज व्हायची, म्हणून फस्सही रोज.

आता धाकटीबद्दल. माझी धाकटी बहीण टपाल वाटते. चालणं ही तिची नोकरी नाही, स्वभाव आहे. लहानपणी सुद्धा तिला मार द्यायचा तर आईला आधी गल्लीभर धावावं लागायचं. तर या बाईच्या खुब्याचा सांधा झिजला. ऑफिसने तिला पत्रं निवडायच्या टेबलावर बसवलं. दिवसभर दुसऱ्यांची पत्रं हातात, आणि ती वाटायला दुसरंच कोणी निघतंय, हे बघत बसणं तिच्या जिवावर यायचं. सर्जनबाईंनी सांधा बदलायची तारीख दिली आणि अट घातली. आम्हा भावंडांचा रक्तगट असा काही विचित्र, की रक्तपेढीच्या फ्रिजमधला त्याचा कप्पा कायम रिकामा. या गटाची पिशवी तयार असल्याशिवाय त्या सुरी हातात घेणार नव्हत्या. आणि ही तारीख हुकली तर पुढची पुढच्या वर्षी. तोवर टेबल. आणि ऑफिसातल्यांनी आडून सांगितलंच होतं, की वर्षभर टेबलावर बसलेला माणूस मग टेबलाचाच होतो.

‘‘एवढंच ना?’’ मी म्हणालो. ‘‘पिशवी म्हणजे काय, पिंप भरून देतो.’’

रक्तपेढीतल्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी बोटाला टोचलं आणि रक्ताचा थेंब एका काचेच्या भांड्यातल्या निळ्या पाण्यात सोडला. थेंब बुडाला तर रक्त चालतं, तरंगला तर नाही. माझा थेंब सुट्टीवर आल्यासारखा निवांत तरंगत राहिला.

‘‘काका, हिमोग्लोबिन फार कमी आहे. देता नाही येणार.’’

‘‘कमी म्हणजे किती कमी?’’

‘‘तुम्ही द्यायला आलात की घ्यायला, असं विचारावं लागेल इतकं.’’

बाहेर बाकावर धाकटी काठी टेकून बसली होती. माझा चेहरा बघून तिला कळलं. ‘‘दादा,’’ ती म्हणाली, ‘‘तुझ्या अंगात रक्त आहे की नुसत्या तक्रारी?’’

अख्ख्या व्हरांड्याने ऐकलं. मी त्या क्षणी शपथ घेतली. डॉक्टरीणबाई मागून सांगत होत्या, ‘‘लोहाची गोळी लिहून देते, आणि काका, नीट जेवा.’’ गोळी मला ऐकू आली. पुढचं नाही. ज्याची घमेंड ठेचकाळली आहे त्याला अर्धंच वाक्य ऐकू येतं.

औषधवाल्याकडे गेलो तेव्हा माझ्या हातात एका गोळीची चिठ्ठी होती. बाहेर आलो तेव्हा पिशवीचा बंद तुटत होता. ‘‘लोहाला एकटं पाठवता?’’ औषधवाला असं म्हणाला की जणू मी मुलीला एकटी परगावी पाठवतोय. ‘‘सोबत जस्त द्या. रक्त हाडात तयार होतं, म्हणून कॅल्शियम. आणि सगळ्यांवर लक्ष ठेवायला ही बहुजीवनसत्त्वांची.’’ या शेवटच्या गोळ्या लालभडक, हृदयाच्या आकाराच्या, वर कंपनीचं अक्षर कोरलेलं. इतक्या टणक की एक टेबलावरून पडली तर फरशीला काही झालं नाही ना ते मी आधी पाहिलं.

घरी येईपर्यंत आमच्या इमारतीच्या चेअरमनांनी जिन्यात गाठलं. हा गृहस्थ स्वतःला अर्धा डॉक्टर समजतो, कारण त्याचा साडू एका मोठ्या डॉक्टरांची गाडी चालवतो. ‘‘मासळीच्या तेलाच्या कॅप्सूल नाहीत?’’ त्यांनी पिशवीत डोकावून विचारलं. ‘‘मग हे सगळं कोरडंच जाणार. आतून वंगण नको का? आणि प्रथिनांची पावडर घ्या, तिच्याशिवाय पकड येत नाही.’’

वंगण आलं, पावडर आली. खिडकीच्या कट्ट्यावर बाटल्यांची रांग लागली. सकाळी ऊन पडलं की त्या इतक्या सुंदर दिसायच्या की मी येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवायचो. इमारतीत माझी व्याख्यानं सुरू झाली. लाल हृदयाबद्दल तर मी इतकं बोललो, की शेजारच्या काकूंनी मला विचारलं, ‘‘कंपनी तुम्हाला काही देते का हो?’’

बायको फक्त एकदाच बोलली. ती आमच्या पुढच्या खोलीत पाळणाघर चालवते. दिवसभर बुटक्या टेबलाभोवती पोरं बसवून त्यांना भरवते. ‘‘अहो, एवढ्या गोळ्या गिळताय, त्यापेक्षा घास चावून बघा ना.’’

‘‘तुझ्या पोरांना दात येतायत,’’ मी म्हणालो. ‘‘मला आहेत.’’

‘‘आहेत ना? मग वापरा की. का पेन्शनीसाठी ठेवलेत?’’

मी हसण्यावारी नेलं. तीसपस्तीस वर्षांच्या संसारात नवरा ज्या गोष्टी हसण्यावारी नेतो त्यांची कोणी मोजदाद ठेवत नाही, हे बरंच आहे.

मग एकेक भानगड सुरू झाली. मासळीच्या तेलाचे ढेकर फोनवर निघायला लागले. एका बाईंनी नळाला पाणी नसल्याची तक्रार अर्ध्यात थांबवून विचारलं, ‘‘अहो, तुमची तब्येत बरी आहे ना?’’ प्रथिनांची पावडर कितीही ढवळली तरी गोळे व्हायचे. तेही मी माझ्या विद्येने अखंड गिळले. पोट फुगलं. पोटात आलेल्या एवढ्या पाहुण्यांनी जळजळ वाढली. जळजळ वाढली म्हणून फस्स वाढलं. बाकी अंगात काही वाढल्याचं दिसेना. जिना चढताना पहिल्यासारखाच थांबत होतो, फक्त आता थांबलो की खिशातल्या डब्या खुळखुळायच्या.

पुन्हा रक्तपेढीत गेलो. थेंब तरंगला. मागच्यापेक्षा जरा ऐटीतच तरंगला असं मला वाटलं.

‘‘गोळ्या घेता ना काका?’’

‘‘घेतो!’’

‘‘नक्की?’’

मला खोटारडा म्हणण्याची ही सभ्य पद्धत. मी रागाने उठून आलो. एवढ्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला ‘नक्की?’ मी काय त्या खिशात घालून फिरवतो? म्हणजे, फिरवत होतो, पण घेतही होतो!

त्याच आठवड्यात माझा कामावरचा फोन वाजला. तोंडातला घास गिळून मी म्हणालो, ‘‘नमस्कार, पाणीपुरवठा.’’

‘‘आमच्या इमारतीचं चेंबर तुंबलंय. घाण पाणी अंगणात आलंय.’’

‘‘पाणी येतं ते आमचं, जातं ते त्यांचं. ड्रेनेज खात्याला फोन करा.’’

‘‘अहो, मी चेअरमन बोलतोय! आवाज ओळखला नाही?’’

‘‘नियमाने ओळखता येत नाही. तक्रार नोंदवली आहे.’’

ड्रेनेज खात्याने चेअरमनना सांगितलं, की अंगणातलं पाणी कदाचित फुटलेल्या नळाचं असेल, म्हणजे पाणीपुरवठ्याचं. आमच्या साहेबांनी सांगितलं, वास येतोय म्हणजे पाणी त्यांचं. ते म्हणाले, वासाचा दाखला कोण देणार? असं करत करत चेंबर तिकडे सुखाने वाहत राहिलं, आणि शेवटी ठरलं, की दोन्ही खात्यांनी मिळून संयुक्त पाहणी करावी. आमच्या खात्याचा प्रतिनिधी म्हणून कोणी जायचं? जो त्याच इमारतीत राहतो त्याने. एरवी मला साहेब टाचणीसुद्धा आणायला पाठवत नाहीत. मी इस्त्रीचा शर्ट घातला, छातीवर खात्याचं ओळखपत्र लावलं आणि स्वतःच्याच अंगणात सरकारी माणूस म्हणून शिरलो. चेअरमनना मी ओळख दिली नाही. पाहणी म्हणजे पाहणी.

सगळी इमारत जमली होती. पाळणाघरातली पोरंही ओळीने पायरीवर बसली होती. त्यांना कोणी झाकण उघडताना बघणं म्हणजे सर्कस. ड्रेनेजचा निरीक्षक गंभीर माणूस. त्याच्या माणसाने झाकण उचललं, लांब गजाने आत ढवळलं आणि एक चिंध्यांचं बोचकं बाहेर ओढलं. कोणाचं तरी लादी पुसायचं फडकं. सगळा गुन्हा त्या फडक्याचा होता, हे मी इथे ठासून लिहितो, कारण त्यानंतर कोणाला फडकं आठवतच नाही.

फडक्याच्या घडीत गोळ्या होत्या. लाल. हृदयाच्या आकाराच्या. धुऊन पुसून ठेवल्यासारख्या. नुसत्या अख्ख्या नाहीत, वरचं अक्षरसुद्धा वाचता येत होतं. पाहुणे दारातून आत यावेत, कोणी बसा म्हणू नये, आणि त्यांनी मागच्या दाराने निघून जावं, तशा त्या माझ्यातून निघून गेल्या होत्या.

निरीक्षकाने कमरेवर हात ठेवून विचारलं, ‘‘या बाह्य वस्तूंची मालकी कोणाची?’’

मी दोन्ही हात पाठीमागे बांधून, भुवया उंचावून, खात्याच्या वतीने आश्चर्य व्यक्त केलं. जमलं असतं. खरंच सांगतो, जमलं असतं. पण पायरीवर मुंगी बसली होती. पाळणाघरातली सगळ्यात छोटी आणि सगळ्यात आवाजाची पोर. ती टुणकन उठली आणि बोट दाखवून आनंदाने ओरडली, ‘‘काकांची गोळी! काका, तुमची गोळी पडली!’’

बाकीच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. एखाद्याची हरवलेली वस्तू सापडली की टाळ्या वाजवायच्या, हे बायकोनेच शिकवलंय त्यांना.

‘‘तुम्ही तर म्हणाला होतात, या गोळ्यांत ताकद असते,’’ चेअरमन म्हणाले.

‘‘आहेच की!’’ शेजारच्या काकू म्हणाल्या. ‘‘बघा ना, एक तरी फुटलीय का?’’

मग इमारत हसली. नुसती माणसं नाही, इमारत. निरीक्षकसुद्धा हसला, आणि तो माणूस बहुधा त्या दिवशी पहिल्यांदाच हसत असावा, कारण ते कुठे थांबवायचं हे त्याला कळेना. मी ओळखपत्र काढून खिशात ठेवलं. खात्याची अब्रू तरी वाचावी.

धाकटीला हे सांगायला माझ्याआधी बायको पोचली. धाकटीचा फोन आला तो नुसता हसण्याचा. ‘‘दादा, नको रे, खुबा दुखतोय… अख्ख्या? अक्षरासकट?… अरे देवा!’’ खूप वेळ हसली. मग हसू ओसरलं. त्याच्या मागून मला पत्रं निवडायच्या टेबलाचा आवाज ऐकू आला, चळतीवर चळत पडल्याचा.

‘‘दादा,’’ ती म्हणाली, ‘‘तारीख जवळ आली रे.’’

अब्रूचं काय, ती चेंबरमध्ये गेलीच होती. मी तसाच उठून डॉक्टरीणबाईंकडे गेलो आणि सगळं सांगितलं, फडक्यासकट. त्यांनी हसू दाबलं. अर्धं बाहेर आलंच. मग आधी त्यांनी पोटात कुठे रक्त जात नाही ना, जंत नाहीत ना, सगळं तपासून घेतलं. काही सापडलं नाही. मग म्हणाल्या, ‘‘काका, तुम्ही जेवता कसे, ते दाखवा.’’

टेबलावरचं एक बिस्किट त्यांनी माझ्या हातात दिलं. मी ते तोंडात टाकलं आणि नेमका त्यांचा फोन वाजला. सवय ती सवय. बिस्किट गेलं, आणि माझ्या तोंडून निघालं, ‘‘नमस्कार, पाणीपुरवठा. बोला, काय त्रास आहे?’’

बाईंनी फोन उचललाच नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. ‘‘ते बिस्किट… गेलं?’’

‘‘गेलं.’’

‘‘अख्खं?’’

‘‘चावत बसलो तर फोन कोण घेणार?’’

‘‘हा आवाज!’’ त्या एकदम म्हणाल्या. ‘‘मागे आमच्याकडे पाणी नव्हतं तेव्हा मी तक्रारीला फोन केला होता. तुम्हीच होतात! काय म्हणालात आठवतंय? ‘बाई, टाकी भरलेली आहे. तक्रार तुमच्या आतल्या लाइनची आहे. खातं जबाबदार नाही.’ ’’

मी मान खाली घातली. हे मी दिवसातून अनेकदा म्हणतो, आणि बहुतेक वेळा ते खरं असतं.

‘‘मग ऐका आता,’’ त्या खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या. बोलताना त्यांच्या डोळ्यांत जुना हिशोब फिटल्याचा आनंद होता. ‘‘टाकी भरलेली आहे, काका. तक्रार तुमच्या आतल्या लाइनची आहे. घास तोंडात बारीक करायचा, लाळेत कालवायचा. तुम्ही ते काम पोटावर ढकललंत. पोटाला दात असतात का? ते अखंड घास घेऊन कुढत बसतं, त्यातून फुगतं, जळजळतं. जळजळ झाली की तुम्ही पावडर घेता. ती पोटातलं आम्ल मारते. आणि लोह अंगी लागायला नेमकं तेच आम्ल हवं! वर चहा. चहा लोहाला असा धरून ठेवतो की ते आत शिरतच नाही. आणि कॅल्शियम त्याच वेळी घेता? ते आणि लोह दारातच भांडत बसतात. त्यात तुमची ती दगडी हृदयं. सगळ्यांच्या गोळ्या अशा बाहेर येत नाहीत, पण तुमच्या आल्या. गोळी गिळली म्हणजे पोचली असं नसतं.’’

‘‘मग बाटलीवर हे का लिहीत नाहीत?’’ मी ओरडलो.

‘‘ते मला नका विचारू,’’ त्या म्हणाल्या. ‘‘बाटलीवाल्यांना विचारा.’’ म्हणूनच तर, साहेब, मी तुम्हाला विचारतोय.

कट्ट्यावरची रांग मोडली. वंगण गेलं, पावडरी दोन्ही गेल्या. राहिलं एकच लोहाचं औषध, तेही पातळ, लिंबूपाण्याबरोबर, चहापासून लांब. आणि चावणं.

चावणं शिकायला मला पाळणाघरात बसवलं. बुटकं टेबल, बुटकी खुर्ची. माझे गुडघे कानाशी. बायको पोरांना म्हणते तेच मला म्हणायची, ‘‘चावा, चावा, चावा, आता गिळा.’’ आणि माझ्यावर मुंगीची नेमणूक झाली. ड्रेनेजच्या निरीक्षकाने तिच्याकडून धडे घ्यावेत. ती माझ्या तोंडाशी नाक लावून बसायची. ‘‘काका, नाही चावलं. आ करा.’’ मी आ करायचो. ‘‘हे बघा, अजून आहे!’’ एकदा मी वैतागून म्हणालो, ‘‘अगं, माझं वय काय, तुझं काय!’’ त्यावर ती शांतपणे म्हणाली, ‘‘मग तुम्हाला येत का नाही?’’ बायकोने पदरात तोंड लपवलं.

एक सांगू? अन्नाला चव असते. मला माहीत नव्हतं. साधं गाजर चावत राहिलं तर शेवटी गोड लागतं. इतकी वर्षं बायको स्वयंपाक करत होती आणि मी तो टाकीत भरत होतो. हे मी तिला सांगितलं, आणि संध्याकाळी तिने मला विचारलं, ‘‘उद्या डब्याला काय देऊ?’’ असं तिने कित्येक वर्षांत विचारलं नव्हतं. उत्तरच मिळत नव्हतं ना.

अडचण ऑफिसात होती. मी साहेबांना म्हणालो, जेवताना फोन घेणार नाही. साहेब म्हणाले, ‘‘जेवणाची सुट्टी तुम्हाला आहे. फोनला नाही.’’ वाक्य चांगलं होतं, पण त्या वेळी माझ्या तोंडात घास होता आणि मुंगीची शपथ होती. फोन वाजला. मी चावत राहिलो. साहेब डोळे वटारून उभे. फोन वाजतोय, मी चावतोय. शेवटी मी रिसीव्हर उचलून त्यांच्याच हातात दिला आणि बोटाने स्वतःचं तोंड दाखवलं. पलीकडे कोण होतं माहीत नाही, देव त्याचं भलं करो. साहेबांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा, मग ते तीनदा ‘‘हो हो’’ म्हणाले, आणि रिसीव्हर ठेवून खुर्ची शोधू लागले. ‘‘लोक… लोक असं बोलतात?’’

मी शांतपणे घास संपवला. ‘‘रोज.’’

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या वेळी फोनलाही सुट्टी. आता आमचा सगळा विभाग चावतो.

रक्तपेढीत शेवटी गेलो तेव्हा तारीख डोक्यावर आली होती. धाकटी हट्टाने आत येऊन बसली. बाईंनी बोटाला टोचलं, थेंब निळ्या पाण्यात सोडला. थेंब वरच थबकला. मी श्वास धरला. धाकटीने माझं मनगट इतकं आवळलं की उरलंसुरलं रक्त तिथेच थांबलं असतं. मग थेंब हलला, विचार केल्यासारखा डुलला, आणि सरळ तळाशी गेला.

‘‘दादा, बुडालास!’’ धाकटी काठी सोडून ओरडली. ‘‘बुडालास रे बाबा!’’ आयुष्यात माझ्या बुडण्याचा कोणाला एवढा आनंद झाला नव्हता. बाई हसत हसत पिशवी आणायला गेल्या.

सांधा बदलला. आणि आता ऐका गंमत: रक्त लागलंच नाही. पिशवी फ्रिजमध्ये तयार आहे म्हटल्यावर सर्जनबाईंनी निर्धास्त सुरी चालवली आणि एक थेंब वर न चढवता काम झालं. मी पलंगाशेजारी तोंड पाडून बसलो. एवढं सगळं करून वापरलंच नाही?

‘‘वाचले मी,’’ धाकटी म्हणाली. ‘‘तुझं रक्त चढलं असतं तर दारोदार पत्रं देताना भांडत बसले असते.’’

पिशवी मग दुसऱ्याच कोणाला तरी दिली. कोण ते सांगत नाहीत. त्या गृहस्थांना एवढंच सांगतो: कधी विनाकारण राग आला, टेबलावर हात आपटावासा वाटला, तर घाबरू नका. तो माझा आहे. सांभाळून वापरा.

धाकटी आता पुन्हा टपाल वाटते. आधी काठी घेऊन, मग काठी विसरून. परवा आमच्या जिन्यात तिच्या चपलांचा आवाज आला. पाळणाघरातली पोरं दाराशी धावली, आणि मुंगी हात पुढे करून म्हणाली, ‘‘माझं पत्र?’’ धाकटीने तिला जाहिरातीचा एक कागद दिला. मुंगीने तो चावून पाहिला. माझ्याच हाताखाली तयार झालेली पोर.

तर साहेब, आता तुमच्याकडे वळतो. मी गोळ्यांच्या विरुद्ध नाही. ज्याला लागते त्याने घ्यावी, डॉक्टरांना विचारून घ्यावी. मी तुमच्या तीन शब्दांच्या विरुद्ध आहे. बाटलीला चहूबाजूंनी चिकटेल एवढं लेबल असतं. त्यावर पळणारा माणूस छापायला जागा मिळते, उगवणारा सूर्य छापायला मिळते. मग ‘आधी नीट चावा, चहा लांब ठेवा, रोज पोट बिघडत असेल तर आधी ते दाखवा’ एवढं छापायला जागा का मिळत नाही? जेवणानंतर म्हणजे कोणत्या जेवणानंतर? चावलेल्या की ढकललेल्या? की ते तुम्हालाच माहीत नाही, कारण तुमचाही डबा फोनशेजारी उघडतो?

उत्तर द्या. लेखी द्या, टपालाने पाठवा. माझी बहीण चालत येऊन ते माझ्या हातात देईल, म्हणजे पोचलं नाही असं तुम्हाला म्हणता येणार नाही. आणि एक लक्षात ठेवा. ‘तक्रार नोंदवली आहे’ असं मला कळवू नका. ते वाक्य माझं आहे. त्याचा अर्थ काय होतो, मला चांगला माहीत आहे.